कोरलेला काळ : तपशील आणि तिथी यांच्या वाचनाचा प्रश्न

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे पोलाद कारखान्यामुळे देशाला परिचित आहेत. मोहन नगरसारख्या त्यांच्या वसाहती विसाव्या शतकातल्या, आणि त्यांचा काळ सांगायला कागदपत्रे पुरेशी आहेत. याच नागरी पट्ट्यात चरोद्याजवळ देवबलोदा येथे एक जुने शिवमंदिर उभे आहे. शिखर नाहीसे झालेल्या या मंदिराच्या बाह्य भिंतींवर शिकारीची, नृत्याची, वादकांची आणि पशूंची शिल्पे ओळीने कोरलेली आहेत. भिंती तपशिलांनी भरलेल्या आहेत, पण तिथी नाही. शैलीच्या आधारे अभ्यासक हे मंदिर रतनपूरच्या कलचुरी राजवटीच्या काळात ठेवतात. याच प्रदेशात दुसऱ्या टोकाचे उदाहरणही मिळते. रतनपूर व राजिम येथील कोरीव लेखांत मास, पक्ष, तिथी, वार असा काळाचा बारकाईने केलेला निर्देश आहे. मात्र तो कोणत्या काळगणनेतला, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. एकीकडे तिथीविना तपशील, तर दुसरीकडे आधाराविना तिथी. कोरलेल्या काळाचे वाचन कसे करावे, हा प्रश्न या दोन टोकांमध्ये उभा राहतो.

हा प्रश्न केवळ पुराभिलेखविद्येचा नाही. तिथी ही लेखाच्या शेवटी जोडलेली नोंद नसून लेखाच्या अर्थाचा एक घटक असते. आणि मजकूर व चित्र यांपासून ती वेगळी काढली की दोहोंचे वाचन अपुरे राहते. या दृष्टीने मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीचे कोरीव स्तंभ आणि छत्तीसगढ-महाराष्ट्रातील कोरीव लेख यांची तुलना उद्बोधक ठरते. या दोन परंपरांचा परस्परसंबंध नाही आणि तो जोडण्याचे कारणही नाही. तुलना आहे ती त्यांच्या वाचनाच्या इतिहासांची.

१. संवत् ८६६

रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा शिलालेख आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्यातील राजप्रशस्ती मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे, कारण जाजल्लदेवाला कर देणाऱ्या प्रदेशांच्या यादीत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे येतात. वैरागड, लांजी आणि भंडारा म्हणून ती ओळखली गेली आहेत. लेखाच्या शेवटी संवत् ८६६, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार असा काळनिर्देश आहे. प्रशस्तीची संस्कृत भाषा वाचणे अभ्यासकांना अवघड नव्हते. अडचण होती ती ‘संवत्’ या एका शब्दाची. हा विक्रमसंवत् मानला तर इ.स. ८०९ येते आणि शक मानला तर इ.स. ९४४. म्हणजे प्रशस्तीचे एक अक्षरही न बदलता तिचा नायक एका शतकातून दुसऱ्या शतकात जातो. त्याचे समकालीन, त्याचे शत्रू आणि त्याच्या स्तुतीचा ऐतिहासिक आशय सर्वच बदलते.

हा संवत् ‘कलचुरी’ किंवा ‘चेदी’ या स्वतंत्र गणनेचा आहे आणि त्याचा प्रारंभ इ.स. २४८-४९ च्या सुमाराचा आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. कनिंगहॅमने दिशा दाखविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेल्या कीलहॉर्नने १८८८ मध्ये ती गणिताने तपासली. त्याची पद्धत समजण्यास सोपी आहे. वर्षाच्या अंकाला स्वतःचा खरेखोटेपणा सिद्ध करता येत नाही, पण वार आणि तिथी यांची जोडी दर वर्षी जुळून येत नाही. संवत् ८६६ मध्ये २४८ मिळवले की इ.स. १११४ येते; त्या वर्षी मार्गशीर्ष शुद्ध नवमी ८ नोव्हेंबरला होती आणि तो दिवस रविवारच होता. आदल्या वर्षी हीच तिथी आठवड्याच्या मध्यावर येते आणि पुढच्या वर्षी शुक्रवार-शनिवारच्या सुमारास. एका लेखात असा मेळ योगायोगाने बसू शकेल. अनेक लेखांत तो बसला म्हणजे प्रारंभवर्ष निश्चित होते.

या पायावर संपूर्ण इमारत उभी केली ती नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला द्विखंडात्मक संग्रह १९५५ मध्ये ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’ या मालेचा चौथा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. मिराशींचे महत्त्व त्यांनी लेख एकत्र आणले एवढ्यापुरते नाही. पश्चिमेकडील प्राचीन लेखांना जे प्रारंभवर्ष लागू पडते तेच मध्य भारतातील उत्तरकालीन लेखांना लागू पडत नाही, त्यात एकदोन वर्षांचे अंतर पडते, हे त्यांनी तिथींच्या पडताळणीतून दाखविले. एकच संवत् प्रदेशांतर करताना आपली वर्षगणना किंचित बदलतो, हा निष्कर्ष तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मिराशींच्या मते या संवताचे मूळ आभीर राजा ईश्वरसेन याच्याकडे जाते. त्याचा राज्यवर्ष ९ चा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. कलचुरी शंकरगणाचा संवत् ३४७ चा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातल्याच अभोणा येथे मिळाला. म्हणजे गोदावरीच्या उगमाजवळ रुजलेली काळगणना शतकांनंतर महानदीच्या खोऱ्यात राजभाषेचा भाग होऊन राहिली. मूळ प्रदेशात तिची जागा शकाने घेतली आणि ती विस्मरणात गेली. महाराष्ट्र आणि छत्तीसगढ यांच्या संबंधांची चर्चा नागपूरकर भोसल्यांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. कोरलेली तिथी हा संबंध त्याहून पुष्कळ मागे नेते.

२. राजिमची रथाष्टमी

वार-तिथीचा मेळ बसला की बहुतेक अभ्यासक थांबतात. साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथून पुढे सुरू होते. राजिमच्या राजीवलोचन मंदिरातील जगपालाचा लेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जगपाल हा रतनपूरच्या दुसऱ्या पृथ्वीदेवाचा मांडलिक. दुर्ग गावाच्या स्थापनेशीही लोकपरंपरा त्याचे नाव जोडते. या लेखात संवताचे नाव कलचुरी असे स्पष्ट दिले आहे. वर्ष ८९६, माघ शुद्ध रथाष्टमी, बुधवार. हा दिवस ३ जानेवारी ११४५ चा येतो आणि त्या दिवशी बुधवारच होता. वर्षात २४८ मिळवल्यास ११४४ येते, पण कलचुरी वर्ष शरदात सुरू होत असल्यामुळे माघ महिना पुढच्या इसवी सनात पडतो.

गणित येथे पूर्ण होते. मात्र लेखकाने केवळ ‘अष्टमी’ न म्हणता ‘रथाष्टमी’ म्हटले, याचे गणिताला काही सोयरसुतक नाही. महाराष्ट्रात सूर्याच्या रथाचा हा उत्सव सप्तमीला साजरा होतो. राजिमच्या लेखात तो अष्टमीशी जोडलेला दिसतो. लेखाचा मुख्य विषय आहे जगपालाने बांधलेले रामाचे मंदिर. सूर्यवंशीय देवतेच्या मंदिराचा लेख सूर्यरथाच्या दिवसाचे नाव घेऊन पूर्ण व्हावा, यात योजना दिसते. या दिवसाची निवड धर्मकृत्याच्या सोयीने झाली असेल. पण लेखात त्याचे नाव घालण्याचा निर्णय हा वाङ्मयीन निर्णय आहे. ज्या प्रशस्तीत आधी वंशवर्णन व विजयांची यादी येते, तिच्या शेवटी ही तिथी पूर्णविरामाचे काम करीत नाही. मांडलिकाच्या पराक्रमाला ती एका मोठ्या, फिरून फिरून येणाऱ्या काळात नेऊन ठेवते. केवळ ३ जानेवारी ११४५ एवढेच भाषांतर केले तर हा अर्थ हरवतो.

३. पिएद्रास नेग्रासचे स्तंभ

आता याच्या नेमके उलट घडलेले उदाहरण पाहू. माया लेखांत कालनिर्देशाची व्यवस्था अतिशय दाट आहे. २६० दिवसांचे एक चक्र व ३६५ दिवसांचे दुसरे चक्र एकत्र फिरत १८,९८० दिवसांनी, म्हणजे सुमारे ५२ वर्षांनी, मूळ जोडीवर येते. याखेरीज एका आरंभदिनापासून गेलेल्या एकूण दिवसांची ‘दीर्घ गणना’ आणि चंद्राच्या स्थितीची नोंदही अनेक लेखांत असते. आपल्याकडील संवत्, तिथी, वार व नक्षत्र यांच्याप्रमाणेच येथेही एकाच दिवसाची अनेक मार्गांनी साक्ष दिलेली असते, आणि त्यामुळे झिजलेला अंकही इतर घटकांवरून सिद्ध करता येतो. फ्योर्स्टमान आणि गुडमन यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गणित उलगडले. माया दिवसांची युरोपीय पंचांगाशी सांगड घालणारी गुडमन, मार्तीनेस व टॉमसन यांची जुळणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाली. तिकाल येथील कोरीव लाकडी तुळईच्या रेडिओकार्बन परीक्षणाने २०१३ मध्ये तिला नव्याने पुष्टी मिळाली.

परंतु लिपीचा उरलेला भाग वाचता येत नव्हता. जे वाचता येते तेवढेच लेखात आहे, असा समज त्यातून तयार झाला. माया लेखांत इतिहास नाही, राजे नाहीत. आहेत ते केवळ काळाची उपासना करणारे ज्योतिषी-पुरोहित, असे मत टॉमसनसारख्या अधिकारी अभ्यासकानेही दीर्घकाळ मांडले. शिल्पातील मानवाकृती देव किंवा पुरोहित ठरल्या. तारखांचे गणित बिनचूक होते, पण तारखा कोणाच्या हा प्रश्नच विचारला गेला नाही.

तो प्रश्न तात्याना प्रोस्कुर्याकोव्हा यांनी १९६० मध्ये विचारला. ग्वातेमालातील पिएद्रास नेग्रास येथील स्तंभ सुमारे पाच-पाच वर्षांच्या अंतराने उभारलेले आहेत. त्यांची मांडणी न्याहाळताना प्रोस्कुर्याकोव्हांना असे आढळले की ते गटागटांनी उभे आहेत आणि प्रत्येक गटाच्या आरंभीच्या स्तंभावर उंच कोनाड्यात बसलेली एक व्यक्ती कोरलेली आहे. या चित्राशी संबंधित तारखेबरोबर एक विशिष्ट चिन्ह येते, आणि त्याआधी काही वर्षांची एक तारीख दुसऱ्या चिन्हासह येते. एका गटातील सर्व तारखांचा विस्तार माणसाच्या आयुष्याहून मोठा नाही. यावरून पहिले चिन्ह राज्यारोहणाचे, दुसरे जन्माचे आणि प्रत्येक गट एका राजाच्या कारकिर्दीचा, हा निष्कर्ष निघाला. एकही वाक्य उच्चारून वाचता येत नसताना त्या लेखांतला इतिहास हाती आला. १९६१ मध्ये त्यांनी वस्त्रांच्या तपशिलांवरून आणि त्यांच्यासोबतच्या चिन्हांवरून स्त्रियांच्या आकृतीही ओळखल्या. पूर्वी ज्यांना पुरोहित म्हटले गेले होते त्यांतल्या काही आकृती राजस्त्रियांच्या निघाल्या. टॉमसन यांनीही पुढे हा निष्कर्ष मान्य केला.

येथे दोन्ही परंपरांमधला विरोध स्पष्ट होतो. रतनपूरच्या लेखात माणसे आधी वाचली गेली आणि त्यांचा काळ नंतर हाती आला. पिएद्रास नेग्रासमध्ये काळ आधी वाचला गेला आणि माणसे त्यानंतर कित्येक दशके दिसली नाहीत. उलगडा मात्र दोन्हीकडे एकाच रीतीने झाला. कीलहॉर्नने एका लेखाऐवजी अनेक लेखांतील वार-तिथी शेजारी ठेवल्या. प्रोस्कुर्याकोव्हांनी एका स्तंभाऐवजी स्तंभांचा गट पाहिला. एकटी तिथी मुकी असते. तिला अर्थ येतो तो तिच्या पुनरावृत्तीतून आणि तिच्या शेजारी काय कोरले आहे त्यातून.

४. मराठीच्या आरंभाचे अंक

या पद्धतीची कसोटी मराठीच्या बाबतीत लागते, कारण येथे अंकांशी भाषेचा अभिमान निगडित आहे. मराठीचे पहिले कोरीव वाक्य म्हणून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या ओळीचा उल्लेख शालेय पुस्तकांपासून होत आला. चावुंडराजाने ही मूर्ती करविली, एवढेच ती ओळ सांगते. तिच्यात तिथी नाही. इ.स. ९८३ हे तिला चिकटलेले वर्ष मूर्तीच्या स्थापनेवरून लावलेले आहे. तिच्या जोडीला दुसरी ओळ आहे. ती गंगराजाने सभोवतालचे बांधकाम करविल्याचे सांगते, आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा अधिकारी. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर पहिली ओळ चावुंडराजाची समकालीन नसून त्याचे स्मरण ठरते. ज्याचा लेखात उल्लेख आहे त्याचा काळ आणि लेख कोरण्याचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माया अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. त्यांच्या स्तंभांवर पूर्वजांच्याच नव्हे तर देवांच्याही तारखा येतात. मराठीत हा भेद नेहमीच पाळला गेलेला नाही.

अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखात तिथी आहे, पण दगड झिजलेला आहे. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या संग्रहात त्याचे वर्ष शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असे वाचले. दुसऱ्या वाचनाप्रमाणे ते शके ११३२, म्हणजे इ.स. १२१०, ठरते. अंतर जवळजवळ दोन शतकांचे. लेखातील राजा केसिदेव. पण शिलाहार घराण्यात या नावाचे राजे दोन्ही काळांत सापडतात, त्यामुळे राजनामाने निर्णय होत नाही. येथे संवत्सराचे नाव साक्षीला घ्यावे लागते. दक्षिणेकडील साठ वर्षांच्या चक्राप्रमाणे शके ९३४ ला परिधावी आणि शके ११३२ ला प्रमोद हा संवत्सर येतो. तुळपुळ्यांनी दगडावर ‘प्रधावी’ वाचले आणि ते परिधावी मानले. तेव्हा खरा वाद अंकांपुरता नाही. झिजलेल्या नावातील दोन-तीन अक्षरांचे वळण कोणते, असा तो आहे. वाद सुटला न सुटला तरी पुरावा कोठे आहे हे यातून कळते.

पुराव्याचा अग्रक्रम किती अनपेक्षित असू शकतो हे चाळीसगावजवळच्या पाटणच्या लेखात दिसते. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने स्थापिलेल्या मठाला दिलेल्या दानाचा हा लेख. त्याच्या अखेरचा भाग मराठीत आहे. त्यात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा निर्देश आहे. साध्या गणनेने शके ११२८ म्हणजे इ.स. १२०६. पण दक्षिणी चक्रात प्रभव संवत्सर त्यापुढच्या वर्षी येतो आणि ग्रहणही ९ ऑगस्ट १२०७ चे मिळते. ज्योतिषाच्या अध्ययनासाठी उभारलेल्या मठाच्या लेखातच शकाचा अंक एका वर्षाने मागे राहिलेला आहे. अंक हे सर्वांत वस्तुनिष्ठ दिसणारे अंग. परंतु येथे विश्वासार्ह ठरते ते आकाशात घडलेले ग्रहण आणि तोंडी वापरातले संवत्सरनाम. अंकापेक्षा शब्द अधिक खात्रीचा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तिथी नेहमी अक्षरांतच असते असेही नाही. कोकणातील शिलाहारकालीन गधेगाळांवर वरच्या भागात सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली शापाचे चित्र असा क्रम आढळतो. सूर्य-चंद्रांना शोभेची चिन्हे समजणे चूक होईल. दानलेखांतील ‘आचंद्रार्क’ या मुदतीचे ते चित्ररूप आहे. मजकुरातील शक दानाचा आरंभ सांगतो, वरचे चित्र त्याची मुदत सांगते आणि खालचे चित्र मुदत मोडणाऱ्याची गती. अक्षरे न वाचता येणाऱ्या गावकऱ्याला शक कळत नव्हता, पण मुदत कळत होती. पिएद्रास नेग्रासच्या कोनाड्याप्रमाणेच येथेही चित्र हा कालनिर्देशाचा भाग आहे, आणि लेखसंग्रहांत केवळ मजकूर छापून चित्राचे एका ओळीत वर्णन करण्याची पद्धत अपुरी आहे.

५. वाचनाची जबाबदारी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. भाषेच्या प्राचीनतेची चर्चा त्यामुळे लोकांपर्यंत पोहोचली, आणि सर्वांत जुना लेख कोणता हा प्रश्न स्पर्धेच्या भाषेत विचारला जाऊ लागला. अशा वातावरणात जे वर्ष हवे आहे ते झिजलेल्या दगडावर दिसू लागण्याचा धोका असतो. टॉमसन यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकालाही दगडात आपल्याला अपेक्षित असलेले पुरोहित दिसले होते, हे विसरून चालणार नाही. वस्तुतः मराठीच्या प्राचीनतेला अक्षीच्या एका अंकाचा टेकू लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडलचा शके ९४० चा लेख आणि दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट अकराव्या शतकातील मराठीची साक्ष देतात. कुडलच्या लेखातील मराठी ओळ तर वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद देते, असा तिचा अर्थ लावला जातो. आपला वाचक पुढे केव्हातरी येईल, ही जाणीव त्या लेखाच्या कर्त्याला होती.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासाला या सर्वांतून एक कार्यपद्धती मिळते. कोरीव लेखाची संहिता सिद्ध करताना मजकूर, चित्र आणि कालनिर्देश ही तीन अंगे एकत्र छापली व वाचली गेली पाहिजेत. कालनिर्देशातील प्रत्येक घटक स्वतंत्र साक्षीदार मानून त्यांची परस्परांशी तपासणी झाली पाहिजे. आणि तपासणी संपल्यावर त्या दिवसाचे नाव लेखकाने का निवडले हा वाङ्मयीन प्रश्न विचारला गेला पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून मिराशी-तुळपुळ्यांपर्यंतच्या मराठी विद्वानांनी पहिल्या दोन पायऱ्यांची भक्कम परंपरा निर्माण केली. तिसरी पायरी बव्हंशी मोकळी आहे.

देवबलोद्याच्या भिंतींकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. तेथे तिथी नाही, म्हणून त्या शिल्पांचा काळ केवळ शैलीवर सोपवून चालणार नाही. शिकारीच्या दृश्यातील शस्त्रे, वाद्ये, वेशभूषा आणि त्यांचा भिंतीवरील क्रम यांची नोंद रतनपूर, राजिम व इतर कलचुरी स्थळांवरील तिथीयुक्त अवशेषांशी ताडून पाहिली, तर एकाच्या तपशिलाला दुसऱ्याची तिथी आधार देऊ शकेल. कोणत्या पट्टात कोणती दृश्ये कोणत्या क्रमाने येतात, याची यादी हे त्या कामाचे पहिले पान असेल.